कंपाउंडमागचा राडारोडा, घाणेरी आणि गाजरगवत: सुरुवात कुठून करायची?

कोलशेतकर | ४ जुलै, रात्री ९:१२

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीची मागची भिंत आणि नाला यांच्यामध्ये साधारण ८ मीटर रुंद, ६० मीटर लांब पट्टा आहे. जागा सोसायटीची नाही, डास आणि उंदीर मात्र सोसायटीत येतात. सध्याची स्थिती:

रस्त्याकडच्या २० मीटरमध्ये फ्लॅटच्या तोडफोडीचा राडारोडा. टाइल्स, प्लास्टर, पीओपी, फुटकी कमोडं. त्यावर एरंड आणि गाजरगवत.

मधल्या २५ मीटरमध्ये डोक्यावर गेलेली घाणेरी (लँटानाचं परदेशी झुडूप). खाली काय दडलंय ते दिसत नाही.

त्यापुढे नाल्याकडच्या तारेच्या कुंपणावर आईस्क्रीम वेल (गुलाबी फुलांची परदेशी वेल), सुबाभळीची दोन मोठी झाडं आणि त्यांची असंख्य रोपं.

भर म्हणून शेजारच्या सोसायट्यांचे माळी छाटणी भिंतीवरून इकडे टाकतात, आणि कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्याची कवचं रोज इथेच येऊन पडतात.

कमिटीपुढे एक कोटेशन आलंय: जेसीबी लावून एका दिवसात सगळा पट्टा खरवडून साफ. सभेत बहुतेकांचा कल तिकडेच आहे. प्रश्न तीन. जेसीबी लावावा का? तक्रार नक्की कुणाकडे करायची? आणि काम आत्ता पावसात घ्यावं की दिवाळीनंतर?

कुदळफावडं | ४ जुलै, रात्री १०:०५

जेसीबीने खरवडू नका. जुलैत तर नकोच नको.

गाजरगवताचं एक चांगलं वाढलेलं झाड दहा ते पंचवीस हजार बिया टाकतं. वरच्या थरातल्या लगेच उगवतात, खोल गेलेल्या वर्षानुवर्षं जिवंत राहतात. बकेट फूटभर माती उलथवतं तेव्हा ही जुनी शिल्लक वर येते. वर घाणेरीची सावलीही गेलेली असते. म्हणजे ऊन, ओल आणि मोकळी माती तिन्ही एकदम. हे गवत उगवल्यापासून चार-सहा आठवड्यांत फुलावर येतं. गणपतीपर्यंत सगळा पट्टा पांढऱ्या फुलांचा दिसेल, आणि सभेत म्हणतील एवढा खर्च करून काय उपयोग झाला.

घाणेरीचं आणखी वाईट. बकेटने वरचं झुडूप मोडतं, बुंधा जमिनीत राहतो, आणि त्यातून आधीच्या दुप्पट फुटवे येतात. चिखलात दाबल्या गेलेल्या फांद्याही रुजतात. आईस्क्रीम वेलीला जमिनीत कंद असतात. ते तोडून पट्टाभर पसरवायचं काम जेसीबी फुकटात करून देईल.

यंत्र लागेल ते फक्त राडारोड्याला. रस्त्याच्या बाजूने उचलून थेट डंपरमध्ये, खालच्या मातीला न लागता. बाकी काम हाताचं आहे.

क्रमही महत्त्वाचा. आधी नवीन कचरा पडणं थांबवा, मग राडारोडा हलवा, मग उपटा, आणि उपटलेल्या जागी त्याच आठवड्यात काहीतरी लावा किंवा पाल्याने झाका. यातली एक पायरी गाळली की पुढच्या वर्षी हाच धागा वर काढावा लागेल.

चहाबिस्कीट | ४ जुलै, रात्री १०:११

धागा वर काढणं जेसीबीपेक्षा स्वस्त आहे. :)

बेलापूरकर | ४ जुलै, रात्री ११:२०

तक्रारीबद्दल. आधी जागा कुणाची ते काढा, नाहीतर अर्ज इकडून तिकडे फिरत राहतो. 'महाभूनकाशा' या सरकारी जमीन-नकाशांच्या संकेतस्थळावर गट किंवा सर्व्हे नंबर बघा, त्यावरून सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढा आणि विकास आराखड्यावर ताडून पाहा. नाल्यालगतची जागा महापालिकेची, एखाद्या बिल्डरने सुविधा भूखंड म्हणून सोडलेली, वनखात्याची किंवा एमआयडीसीची, यापैकी काहीही असू शकते. नवी मुंबईत अजून एक फाटा: भूखंड सिडकोचा आणि सफाई महापालिकेची अशी वाटणी बऱ्याच ठिकाणी आहे, त्यामुळे दोघांना वेगवेगळी पत्रं लागतात. वरून उच्चदाबाची वाहिनी जात असेल तर वीज पारेषण कंपनीही आलीच.

दुसरं, एका अर्जात एकच विषय. राडारोडा घनकचरा विभागाकडे, झाडं उद्यान विभाग म्हणजे वृक्ष प्राधिकरणाकडे, नाला अभियांत्रिकीकडे, डास मलेरिया विभागाकडे. चारही एका पत्रात लिहिलेत की प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवतो. अर्ज द्यायचा तो ठाणे शहरात प्रभाग समितीत, नवी मुंबईत विभाग कार्यालयात. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

मजकुरात विशेषणं नकोत, मापं हवीत. नमुना:

"विषय: अमुक रस्ता, दिव्याचा खांब क्र. __ ते __ दरम्यान नाल्यालगत टाकलेला राडारोडा उचलणेबाबत. ढिगाची लांबी २० मी., रुंदी ४ मी., सरासरी उंची १ मी., अंदाजे ८० घनमीटर. ढिगाचा पायथा नाल्याच्या काठापासून __ मी. पावसात राडारोडा नाल्यात वाहून प्रवाह अडण्याचा धोका. सोबत तारीख, वेळ व ठिकाण उमटलेली छायाचित्रे ४."

खांबाचा क्रमांक जरूर घाला. "मंदिराच्या मागे" असं लिहिलं की मुकादमाला जागा सापडत नाही, आणि 'स्थळपाहणी केली, कचरा आढळला नाही' असा शेरा मारून तक्रार बंद होते. घनमीटर लिहिण्याचं कारण म्हणजे गाडी त्यावरून ठरते. ८० घनमीटर म्हणजे जवळपास १०० टन, दहाचाकी डंपरच्या सात-आठ खेपा. घंटागाडीच्या माणसांना सांगून हे काम होणारच नाही.

सेक्रेटरीकाका | ५ जुलै, सकाळी ७:४८

राडारोडा येतो कुठून तेही बघा. एक बाथरूम पूर्ण फोडलं की टाइल्स, खालचा मसाला आणि प्लास्टर धरून एक ते दीड टन माल निघतो, म्हणजे ३० किलोच्या पस्तीस ते पन्नास गोण्या. छोटा हत्ती टेम्पो अधिकृतपणे ७५० किलोच्या आसपास नेतो, म्हणजे दोन खेपा. कंत्राटदार मालकाकडून दोन्ही खेपांचे पैसे घेतो आणि रात्री साडेअकराला मागच्या रस्त्यावर ओतून मोकळा होतो.

सोसायटीच्या हातात असलेला उपाय: नूतनीकरणाच्या परवानगीपत्रातच अट घाला. अनामत रक्कम घ्या, खेपेची पावती आणि गाडी रिकामी केल्याचा फोटो आला तरच ती परत. गेटवर गोण्या मोजून नोंदवहीत लिहा, गाडीचा नंबरही. पीओपीच्या गोण्या वेगळ्या ठेवायला सांगा. तो जिप्सम आहे, विटा-काँक्रीटमध्ये मिसळला की पुनर्वापराच्या खडीची वाट लागते. शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी हीच अट एकदम लावली तर फरक पडतो, कारण कंत्राटदार तेच असतात.

टेम्पो आत शिरू नये म्हणून रस्त्याच्या तोंडाला बोलार्ड लावायची मागणी करा. दोन खांबांत १.२ मीटर अंतर पुरे. छोटा हत्ती दीड मीटर रुंद असतो, तो अडकतो. हातगाडी आणि सफाई कामगाराची ढकलगाडी आरामात जाते. साखळी लावू नका, आठवड्यात भंगारात जाते.

पानगळ | ५ जुलै, सकाळी ९:३०

घाणेरी काढायची रीत सविस्तर लिहिते, कारण नव्वद टक्के लोक ती कोयत्याने छाटतात आणि मग दरवर्षी छाटतच बसतात.

घाणेरी बुंध्याच्या त्या भागातून फुटते जिथे खोड संपून मूळ सुरू होतं. तो सांधा माती पातळीच्या थोडासा खाली असतो. सांध्याच्या खाली, साधारण ३ ते ५ सेंटीमीटर खोल, मुख्य मूळ तोडलं की उरलेल्या मुळातून फुटवा येत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांनी ही पद्धत रुळवली. सगळं झाड मुळापासून खणत बसायची गरज नाही, जमीनही उकरली जात नाही, म्हणजे वर म्हटलेला गाजरगवताचा धोकाही कमी.

काम दोघांचं. एकाने लांब बेचक्याच्या काठीने झुडूप एका बाजूला रेटून धरायचं. दुसऱ्याने बुंध्याभोवतीची माती कुदळीने बोटभर बाजूला करून, कुदळीचं पातं तिरकं घालून मुळावर घाव घालायचा. पावसाने माती मऊ असते तेव्हा दोन-तीन घावांत काम होतं, जानेवारीत त्याच झुडपाला पहार लागते. म्हणून हे आत्ताच करा.

तोडलेलं झुडूप उलटं ठेवायचं, मुळं आकाशाकडे. शक्यतो दगडावर किंवा काढलेल्या दुसऱ्या झुडपांवर, ओल्या मातीला फांद्या टेकता कामा नयेत. पावसात वाळायला महिना लागतो, पण मुळं वर असली तर रुजत नाही.

हिरवी-काळी फळं लागलेली असतील तर घोस आधी गोणीत तोडून घ्या. बुलबुल, साळुंक्या ही फळं खातात आणि तारेवर, झाडावर बसून बिया टाकतात. म्हणूनच नवी रोपं कुंपणाच्या आणि मोठ्या झाडांच्या खाली रांगेने उगवलेली दिसतात. पुढच्या दोन पावसाळ्यांत तिथेच नजर ठेवायची.

जाड रबरी किंवा चामडी हातमोजे, पूर्ण बाह्या, गमबूट. दाट घाणेरीखाली घोणस बसलेली असू शकते, आत हात घालण्याआधी काठीने आपटा. नाल्याकाठी उंदीर आहेत म्हणजे लेप्टोची, उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, भीती आहे. पायाला जखम असलेल्याने त्या पाण्यात उतरू नये. उतरणं झालंच तर प्रतिबंधक गोळीचं डॉक्टरांना विचारून घ्या.

झटपट | ५ जुलै, सकाळी १०:०२

एवढं कशाला? मिठाचं पाणी मारा. दहा लिटरला दोन किलो मीठ, थोडा भांड्यांचा साबण. गाजरगवत दोन दिवसांत जळतं. यूट्यूबवर आहे.

कुदळफावडं | ५ जुलै, सकाळी १०:४०

जळतं, खरं आहे. वीस टक्के मिठाचा फवारा गाजरगवतावर चालतो. रस्त्याकडेच्या पडीक जागेसाठी तो सुचवलाही जातो. पण इथे कुठे मारणार? कंपाउंडच्या भिंतीच्या पायाशी. मिठातला क्लोराईड काँक्रीटमध्ये झिरपून आतल्या लोखंडाला गंज धरतो. ठाण्याची हवा आधीच खारी, त्यात आपण पायाला मीठ पाजायचं. शिवाय त्या मातीत पुढे दुसरं काही लावायचंय, ते जगणार नाही. आणि या दिवसांत फवारल्यावर तासाभरात पाऊस आला की दोन किलो मीठ सरळ नाल्यात.

ग्लायफोसेट हे तणनाशक सुचवणारे येतीलच, म्हणून आत्ताच: २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार ते पेस्ट कंट्रोल ऑपरेटरशिवाय इतर कुणी वापरायचं नाही. नाल्याच्या काठावर तर तेही नको.

गाजरगवत उपटा. फुलं यायच्या आधी, पाऊस पडून गेल्यावर, मुळासकट. नुसतं कापलं तर बुडखा पुन्हा फुटतो आणि बसक्या झाडालाच फुलं येतात. जून ते ऑक्टोबर दर तीन आठवड्यांनी एक फेरी. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज, पुरळ आणि परागांनी सर्दी-दमा होतो, तेव्हा हातमोजे आणि मास्क विसरू नका. ज्याला आधीच त्वचेची ॲलर्जी आहे त्याने उत्साहाने पुढे होऊ नये.

पानांवर पिवळट-पांढुरके, काळ्या वेड्यावाकड्या रेघांचे छोटे भुंगेरे दिसले तर मारू नका. ते मेक्सिकन भुंगेरे. १९८० च्या दशकात गाजरगवतासाठीच आपल्याकडे आणून सोडले. पावसाळ्यात पानांची चाळण करतात. जिथे ते कामाला लागलेत ती झाडं शेवटी उपटा.

नेरूळची खारफुटी | ५ जुलै, दुपारी १:१५

आमच्या बाजूला धारण तलाव (भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवून ठेवणारा) आहे. काठावर काटेरी पानांचं, गुडघा ते कमरेएवढं, निळसर-जांभळ्या फुलांचं झुडूप दाट माजलंय. पाण्यात पाणकणीस. स्वच्छता मोहिमेत दोन्ही काढायचं ठरतंय. ही पण परदेशी तणं का?

पानगळ | ५ जुलै, दुपारी २:००

थांबा! काटेरी पानांचं ते बहुतेक मारांडी आहे. ती खारफुटीच्या कुटुंबातली, आपली, खाडीकाठची वनस्पती. पान चकचकीत, जाडसर, कडांना टोकदार काटे, आणि फूल एकाच बाजूला पाकळी असलेलं. तिला हात लावू नका.

खारफुटी तोडणं हा गुन्हा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या अंतरिम आणि २०१८ च्या अंतिम आदेशाने तोड आणि भराव दोन्हींवर बंदी आहे. भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही भराव किंवा बांधकाम चालत नाही. स्वच्छता मोहिमेच्या नावाखाली कोयता चालवला तरी तो गुन्हाच. धारण तलावांत खारफुटी वाढल्यामुळे गाळ काढायला सुद्धा आधी परवानग्या लागतात, हे नवी मुंबईकरांना माहीत आहेच.

पाणकणीसही देशी आहे. ते माजलंय याचा अर्थ तलावात सांडपाणी येतंय. ते कापून सांडपाणी थांबत नाही. पावसाळी गटाराच्या तोंडाशी कोरड्या दिवसात, म्हणजे फेब्रुवारीत वगैरे, पाणी वाहताना दिसलं तर कुणाची तरी सांडपाण्याची जोडणी त्यात आहे. त्या तोंडाचा फोटो आणि तारीख घेऊन तक्रार करा, ती कामाची.

तुमच्या मोहिमेत काय करता येईल: काठावरचं प्लास्टिक हाताने उचलायचं, भरतीची रेघ जिथे दिसते तिथे ते अडकलेलं असतं. मुळांत अडकलेल्या पिशव्या ओढू नका, कात्रीने कापून काढा. जमिनीतून वर आलेली श्वसनमुळं मोडली तर झाड गुदमरतं. ओहोटीची वेळ बघून जा. खारफुटीवर राडारोडा पडत असेल तर वनखात्याच्या कांदळवन (खारफुटी) कक्षाकडे आणि कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे लिहा. भराव पडून जमीन सपाट व्हायच्या आधी लिहा, नंतर "इथे खारफुटी होतीच कुठे" असं ऐकावं लागतं.

येऊरवाला | ५ जुलै, संध्याकाळी ६:२५

एक पुरवणी. येऊरच्या पायथ्याच्या सोसायट्यांतून उत्साही मंडळी घाणेरी उपटायला थेट जंगलात शिरतात. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आत काहीही उपटायला वनखात्याची परवानगी लागते. सोसायटीच्या बाजूने करण्यासारखं काम दुसरं आहे: बागेतली छाटणी कुंपणापलीकडे टाकणं बंद करा. मनी प्लांट, सिंगोनियम, आणि दुभाजकांवर लावतात ती पिवळ्या फुलांची वेडेलिया, या तिन्हींच्या पेरापेराला मुळं फुटतात. बोटभर तुकडा ओलीत पडला की रुजला. मनी प्लांट झाडावर चढला की पान परातीएवढं होतं, मग झाडाच्या शेंड्यापर्यंत जायला त्याला वेळ लागत नाही.

कोलशेतकर | ५ जुलै, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. जेसीबीवर निदान पुनर्विचार होईल. आता पुढचं: उपटलेलं सगळं सोसायटीच्या कंपोस्ट पिटमध्ये टाकलं तर चालेल का? रोजचा ओला कचरा साधारण ६० किलो आहे. आणि वाळलेली घाणेरी पेटवून द्यायची असं माळी म्हणतोय.

मातीमोल | ५ जुलै, रात्री ९:४०

पेटवायचं अजिबात नाही. उघड्यावर कचरा जाळल्यास २०१६ च्या हरित लवादाच्या आदेशानुसार ५,००० रुपये दंड आहे, मोठ्या प्रमाणावर असेल तर २५,०००. आणि तुमच्या घाणेरीखाली काय दडलंय ते दिसत नाही असं तुम्हीच लिहिलंय. प्लास्टिक असणारच.

कंपोस्टचं उत्तर बी आहे की नाही त्यावर. फुलं न आलेलं गाजरगवत आणि घाणेरीची पानं बिनधास्त टाका. बी धरलेलं काहीही टाकू नका, कारण सोसायट्यांचे पिट आणि फिरते ड्रम पुरेसे तापत नाहीत. बी मरायला ढिगाच्या पोटात ५५ अंश किंवा अधिक तापमान सलग तीन दिवस राहावं लागतं, आणि ढीग उलटून बाहेरचा भाग आत घेतल्यावर पुन्हा तेवढंच. त्यासाठी ढीग किमान एक मीटर लांब, रुंद आणि उंच लागतो. त्याहून लहान ढिगातली उष्णता कडेनेच निघून जाते. फूटभर दांडीचा थर्मामीटर मिळतो, तो खुपसून बघा. अंदाजाने "गरम लागतंय" म्हणू नका. न तापलेलं खत कुंड्यांत गेलं की गाजरगवत सातव्या मजल्यावर.

मिश्रण आकारमानाने दोन घमेली सुका पाला, एक घमेलं ओलं. मूठभर दाबलं तर एखाद-दुसरा थेंब निघावा, धार निघाली तर सुका पाला वाढवा. घाण वास येतो तो जवळजवळ नेहमी ओलं जास्त झाल्याने आणि हवा न मिळाल्याने. त्यावर बाजारातलं कल्चर ओतून उपयोग नाही, पाला घाला आणि उलटा. पावसाळ्यात सुका पाला मिळत नाही ही खरी अडचण. म्हणून फेब्रुवारी ते एप्रिलमधली पानगळ गोण्यांत भरून छपराखाली ठेवायची. तुमच्या ६० किलोला रोज तीन-चार गोण्या पाला लागेल, तेव्हा साठवण जिन्याखालच्या कोपऱ्यात मावणारी नाही. मुळात माळ्यांची छाटणी भिंतीपलीकडे जाते ती ठेवायला जागा दिलेली नसते म्हणूनच. जाळीचा एक मीटर व्यासाचा गोल पिंजरा करून द्या, टाकणं आपोआप कमी होईल.

बी धरलेलं गवत जाड काळ्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून, उन्हात. आत्ता ऊन नाही, त्यामुळे तीन फूट खड्डा काढून गाडा, वर किमान फूट-दीड फूट माती. तो खड्डा पुन्हा उकरायचा नाही.

सेक्रेटरीकाका | ६ जुलै, सकाळी ८:०५

शहाळेवाल्याचा विषय कुणी घेतलाच नाही. रिकामं शहाळं किलो-सव्वा किलो भरतं. दिवसाला शंभर विकली तर एका गाड्याचाच शंभर-सव्वाशे किलो कचरा. नियमात रोज १०० किलोवर कचरा करणाऱ्याला मोठा कचरा निर्माता धरतात, आणि इथे गाडीवर एक छत्री आणि एक कोयता. त्याला हाकललं तर तो पुढच्या कोपऱ्यावर जाईल. त्याला सांगायचं ते एवढंच: प्रत्येक शहाळं दोन फाकांत फोड, गोणीत भर, गोण्या गाडीमागे ठेव. अख्ख्या शहाळ्यात पावसाचं पाणी साठतं आणि त्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत नवे डास बाहेर. गोण्या उचलण्याची वेगळी वेळ मुकादमाशी ठरवून द्या. ओल्या कचऱ्याच्या गाडीत ती कवचं टाकली की यंत्रात काथ्या अडकतो, म्हणून घंटागाडीवाले नाकारतात. त्यांचंही चूक नाही.

पानगळ | ६ जुलै, सकाळी ९:१५

सुबाभूळ आणि आईस्क्रीम वेल राहिली.

सुबाभळीची मोठी झाडं परदेशी असली तरी झाडंच आहेत. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, मोठी छाटणीही नाही. अर्ज करा, दरम्यान हिरव्या शेंगा काढून घ्या. बी मातीत दहा वर्षांहून अधिक टिकतं, त्यामुळे दरवर्षीची शेंग थांबवणं हेच निम्मं काम. रोपं वीतभर असतानाच पाऊस पडल्यावर ओढा. हातभर झालं की सोटमूळ सोडत नाही, वरून तुटतं आणि फुटतं. झाड परवानगीने तोडलं तर बुंध्याची साल मातीखाली चार बोटांपर्यंत पूर्ण सोलून काढा, नाहीतर पुढच्या पावसात त्याच बुंध्यावर झुडूप.

वेल: कुंपणावरची ओढत बसू नका. जमिनीलगत कापा, वरचा भाग जागीच वाळू द्या, मग आपोआप गळतो. मग प्रत्येक बुडखा शोधून फूट-दीड फूट खणून कंद काढा. कंद गुलाबी-तपकिरी, गाठी गाठींचे, एकमेकांना जोडलेले असतात. सगळे कधीच निघत नाहीत. उरलेल्यांतून कोंब आला की पंधरा दिवसांनी खुडा, पान मोठं होऊ देऊ नका. कंदातला साठा संपायला एक-दोन वर्षं लागतात.

खाडीवारा | ६ जुलै, सकाळी १०:३०

मोकळ्या जागी काय लावायचं? कुणीतरी बोगनवेल सुचवेल त्याआधी लिहितो.

राडारोडा उचलल्यावर खाली चुना-सिमेंटचा चुरा राहतो. माती अल्कधर्मी आणि कडक होते, त्यात एरंड-गाजरगवतच जोमाने येतं. तिथे नुसती रोपं खोचू नका. दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा, चुरा बाहेर, लाल माती आणि खत तीनास एक.

भिंतीच्या बाजूला दोन मीटरच्या आत झाड नको, झुडपंच. निरगुडी उत्तम: पेन्सिलएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या काड्या, दोन डोळे मातीत, ६० सेंटीमीटरवर नागमोडी रांगेत. याच दिवसांत लावल्या तर बहुतेक लागतात, शेळ्या-गाई खात नाहीत. सोबत अडुळसा, तोही काडीने येतो. नाल्याच्या उतारावर वाळा, ठोंबांत १५ सेंटीमीटर अंतर. मुळं सरळ खोल जातात, काठ धरून ठेवतात. मधल्या भागात करंज किंवा भेंड, पाच मीटर अंतराने, पण नाल्याच्या साफसफाईचं यंत्र फिरेल एवढी तीन-चार मीटर वाट आधी अभियांत्रिकी विभागाला विचारून सोडा. नाहीतर एप्रिलच्या नालेसफाईत सगळं त्यांच्या यंत्राखाली जाईल.

बाकी उघड्या मातीवर टाकळा पसरा. बी मे अखेरीस पेरायचं असतं, यंदा उशीर झालाय, पण शेजारून गोळा करून पुढच्या वर्षासाठी ठेवा. टाकळा दाट येतो आणि गाजरगवताला उगवायला जागाच देत नाही. भाजी मात्र नाल्याकाठची खाऊ नका. तोवर दहा सेंटीमीटर जाडीचा पाला अंथरा.

चहाबिस्कीट | ६ जुलै, सकाळी ११:०२

पाला अंथरला की आफ्रिकन गोगलगायी येणार. त्या मुठीएवढ्या.

खाडीवारा | ६ जुलै, सकाळी ११:४०

येणार. म्हणून पाला वाफ्याच्या मधोमध, रोपाच्या बुंध्यापासून वीतभर लांब. संध्याकाळी ओल्या गोणपाटाखाली कोबीची पानं ठेवा, सकाळी गोगलगायी तिथे जमलेल्या सापडतात. हातमोजे घालूनच उचला, त्यांच्यातून मेंदूज्वराचा कृमी माणसात येऊ शकतो. बादलीत घट्ट मिठाचं पाणी करून त्यात टाका. झटपटरावांचं मीठ इथे वापरता येईल, बादलीच्या आत.

कोलशेतकर | ६ जुलै, रात्री ९:३०

उद्या पोच घेऊन अर्ज देतोय, राडारोड्याचा वेगळा, सुबाभळीचा वेगळा. घाणेरीच्या २०० चौरस मीटरला किती माणसं धरावीत? आणि उत्तर आलंच नाही तर?

कुदळफावडं | ६ जुलै, रात्री १०:१५

सराईत दोघांची जोडी दिवसाला ५० चौरस मीटरपर्यंत करते, घाणेरीत तारा आणि काचा असतील तर निम्मंच. म्हणजे दोन जोड्या धरल्या तर दोन ते चार दिवस. रोजंदारीवर द्या, चौरस मीटरच्या दराने देऊ नका. मापावर दिलं की माणूस मातीच्या वरून छाटतो, आणि दिसायला दोन्ही सारखंच दिसतं. मजुरी देण्याआधी दहा-बारा बुंधे उलटून बघा: सांध्याच्या खालचं बोटभर मूळ झुडपाला लागून आलंय का. नसेल तर तो बुंधा अजून जमिनीत आहे.

बेलापूरकर | ६ जुलै, रात्री १०:५०

उत्तर नाही आलं तर महिन्याने माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून, तीस दिवसांची मुदत. "कचरा का उचलला नाही" असं विचारू नका, 'का'चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. कागद मागा: त्या नाल्याच्या चालू वर्षाच्या साफसफाईचा आणि गवत कापणीचा कार्यादेश, निविदेतल्या वारंवारतेच्या अटी, आणि मोजमाप पुस्तिकेच्या संबंधित पानांची प्रत. गवत कापणी किती वेळा ठरली होती आणि किती वेळाचं बिल निघालं ते पानावरच असतं. आणि पत्रात कापणीची तारीख ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात मागा. ऑक्टोबरात ग्रास कटर फिरवला तर गाजरगवताचं पिकलेलं बी तो शेजारच्या प्लॉटवर उडवतो.